मुलांच्या हाती तंबाखू पोहोचू नये म्हणून : सोलापूरकरांचे अनुभव

सोलापुरात तंबाखू दोन वाटांनी घरात येते. एक वाट खिशातल्या पुडीची, आणि दुसरी पूर्व भागातील असंख्य घरांत पोटासाठी वळल्या जाणाऱ्या विड्यांची. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला मावा शाळकरी मुलाच्या खिशाला परवडतो. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले. मुलाच्या हाती पहिली पुडी कोणाकडून येते आणि ती थांबवण्यासाठी आपल्या गल्लीत, शाळेत किंवा मंडळात काय केले गेले, हे आपण सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

शिक्षिका, पूर्व भाग

शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते कुठेच विकता येत नाहीत, असे २००३ चा कायदा सांगतो. आम्ही सातवीच्या मुलांकडून फाटकापासून सुमारे ९१ मीटर अंतर मोजून घेतले आणि रस्त्यावर पिवळी रेघ ओढली, तेव्हा दोन टपऱ्या रेघेच्या आत निघाल्या. दंडाची मर्यादा २०० रुपयांची, त्यामुळे दंड भरून दोन्ही पुन्हा सुरू झाल्या. मात्र मोजणी करणाऱ्या मुलांनीच एक गोष्ट आमच्या ध्यानात आणून दिली : टपरीवर येणारी बहुतेक लहान मुले स्वतःसाठी नव्हे, तर वडिलांसाठी किंवा आजोबांसाठी पुडी न्यायला येत होती. पुडी कुठे मिळते, कितीला मिळते आणि मागितली की कोणी विचारत नाही, हे त्यांना घरच्यांनीच शिकवले होते. म्हणून पालकसभा यंत्रमाग कारखान्यांची पाळी सुटल्यावर, संध्याकाळी घेतली आणि मराठीबरोबर तेलुगूतही बोललो. मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे ऐकून सभेत बराच वेळ कुजबुज चालली. पण मला वाटते, लोकांना अधिक भिडले ते त्यांच्याच मुलांनी मोजलेले अंतर. एक टपरी पुढे हलली आहे. दुसरी अजून तिथेच आहे आणि आमचे अर्जही सुरूच आहेत.

विडी कामगार महिला (आईने सांगितले, मी लिहून घेतले)

सुपात तंबाखू घेऊन बसल्याशिवाय आमची चूल पेटत नाही, त्यामुळे ‘घरात तंबाखू नको’ हा सल्ला आम्हाला पाळता येत नाही. आमच्या गल्लीतील काही बायकांनी मिळून इतके ठरवले की पोरांना दोरा बांधायला बसवायचे नाही आणि तंबाखूची धूळ उडते तिथे त्यांना निजवायचे नाही. मिश्रीचा डबा मात्र सहजी सुटला नाही. सकाळी म्हातारी माणसे दातांना मिश्री लावतात आणि शेजारी बसलेले नातवंड ते पाहते. शिक्षिकाताईंनी पुढच्या सभेत आज्यांनाही बोलवावे.

दंतवैद्य

माझ्याकडे येणारी कित्येक मुले ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ असे सांगतात आणि पालक निश्चिंत होतात. तोंड आखडत जाण्याच्या विकाराचे मुख्य कारण सुपारीच आहे, आणि त्या विकारातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील किंवा तिखट लागताच आग होत असेल, तर त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. आखडलेले तोंड पूर्ववत होणे अवघड असते, म्हणून सुपारीलाही आरंभीच नकार द्यायला मुलांना शिकवले पाहिजे. ज्यांना सवय लागली आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथे समुपदेशक बोलतात.

लेझीम ताफ्याचा प्रशिक्षक

गणेशोत्सवाआधी आमच्या मंडळाच्या सरावाला शाळकरी मुलांपासून चाळिशीच्या खेळाडूंपर्यंत सगळे एका रांगेत उभे राहतात. पूर्वी विश्रांतीच्या वेळी मोठ्यांचा मावा फिरायचा आणि एखाद्या पोरालाही चिमूट मिळायची. विकत न घेता लागलेली सवय ती हीच. आता तोंडात काही असेल त्याने रांगेबाहेर थांबायचे, असा नियम आहे, आणि तो प्रथम ज्येष्ठ खेळाडूंना लावला. काही जण रागावून निघून गेले. मुलांच्या रांगा मात्र वाढल्या, कारण आता आयाच त्यांना पाठवतात.

टपरीचालक

मी लहान मुलाला पुडी देत नाही. त्यावर त्याचा बापच भांडायला येतो : ‘पोरगं माझं, पैसे माझे, तू कोण नाही म्हणणारा?’ अल्पवयीनांना विक्री हा गुन्हा असल्याचा फलक ठळक लावल्यापासून मी नुसते बोट दाखवतो, त्यामुळे वाद लवकर मिटतो. आमच्यापैकी ज्यांना हा माल सोडून चहा-नाश्ता किंवा फळे विकायची आहेत, त्यांना महापालिकेने परवाना आणि जागा आधी द्यावी. फळांच्या गाड्यासाठी अर्ज करायला मी तयार आहे.