राज्यसभेतल्या महाराष्ट्राच्या १९ जागा: माणूसही महाराष्ट्राचाच हवा का?

बालाघाट:
मी धाराशिव जिल्ह्यात बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. मागच्या आठवड्यात वर्गात विचारलं, लोकसभेत आपला खासदार कोण? सगळ्यांनी हात वर केले. मग विचारलं, राज्यसभेत महाराष्ट्राचे खासदार किती आणि कोण कोण? १९ हा आकडा एकीला आला. नावं मात्र सगळ्या वर्गाची मिळून तीनच निघाली. 'राज्यसभा घटक राज्यांचं प्रतिनिधित्व करते' असं मी फळ्यावर लिहिलं, तशी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, २०१६ला आपल्याकडून पी. चिदंबरम निवडून गेले होते. ते तर तमिळनाडूचे. ते आपलं प्रतिनिधित्व कसं करत होते?"

मला तिला पटेल असं उत्तर देता आलं नाही.

माझं मत सांगतो. २००३ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली, ती चुकीची होती. त्याआधी ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं, त्या राज्यातल्या मतदारयादीत नाव असणं बंधनकारक होतं. दुरुस्तीनंतर देशात कुठल्याही मतदारयादीत नाव असलं तरी चालतं. एका शब्दाच्या बदलाने 'राज्यसभा' या नावातलं 'राज्य' गेलं. २०१८मध्ये केरळचे व्ही. मुरलीधरन आपल्या जागेवर गेले, २०२२मध्ये उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी. पक्ष वेगवेगळे, वागणूक एकच. या माणसांच्या योग्यतेबद्दल मी काही म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच, की दुष्काळ, ऊस, कापूस, सीमाप्रश्न यांवर सभागृहात उभं राहायची वेळ येते तेव्हा त्यांच्या पोटात काय तुटतं?

वैनगंगा:
सर, वकिली करतो म्हणून कायद्याची बाजू आधी मांडतो. या दुरुस्तीला ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी आव्हान दिलं होतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. राज्याचा रहिवासी असण्याची अट घटनेने घातलेलीच नाही, राज्याच्या आमदारांनी निवडून दिलं की तो त्या राज्याचा प्रतिनिधी, असं त्या निकालाचं सार.

आता जुन्या नियमाखाली काय चालायचं ते आठवा. डॉ. मनमोहन सिंग १९९१ पासून आसाममधून राज्यसभेवर होते आणि दहा वर्षं पंतप्रधान असतानाही आसामचेच सदस्य होते. गुवाहाटीत भाड्याच्या घराचा पत्ता होता, मतदारयादीत नाव होतं. कायद्याची अट पूर्ण झाली, पण त्यामुळे ते आसामी झाले का? देशाच्या अर्थमंत्र्याला कागदावर भाडेकरू व्हायला लावणारा नियम मला तरी परत नको आहे. २००३च्या दुरुस्तीने निदान ते नाटक थांबवलं.

मांडवी:
गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे राज्यसभेची एकच जागा. ४० आमदार, २१ मतं मिळाली की निवडून आला. या एका जागेवर आम्ही गोव्याबाहेरचा माणूस सहन करणार नाही, हे खरं. पण दुसरी बाजूही बघा. २०१४ला मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले ते उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर जाऊन. गोव्याची जागा तेव्हा रिकामी नव्हती. जुना नियम असता तर लखनौमध्ये कुठेतरी त्यांच्या नावाने घर दाखवावं लागलं असतं.

महाराष्ट्राचंच घ्या. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री झाले तेव्हा हरियाणातून गेले, पुढे आंध्र प्रदेशातून. प्रकाश जावडेकर मध्य प्रदेशातून. आपली माणसं बाहेरच्या जागांवर जातात तेव्हा आपण अभिमानाने बातमी वाचतो. बाहेरची आपल्याकडे आली की आक्रमण? हा न्याय मला पटत नाही.

बालाघाट:
मांडवीताई, हरियाणाच्या शेतकऱ्याने प्रभूंना प्रश्न विचारायला कुठे जायचं होतं? माझा आक्षेप तोच आहे, आणि तो मराठी माणसालाही लागू आहे. आपला माणूस दुसऱ्याच्या जागेवर बसला म्हणून मी टाळ्या वाजवणार नाही.

अनया:
मी इंदूरची. आमचं कुटुंब चार पिढ्या इथे आहे आणि घरात आजही मराठीच बोलतो. या चर्चेत 'आपला' हा शब्द फार सैल वापरला जातोय. सुमित्रा महाजन चिपळूणच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या. १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरने त्यांना लोकसभेत पाठवलं. त्यांना कुणी बाहेरच्या म्हटलं नाही, कारण त्या इथे राहिल्या, नगरपालिकेच्या राजकारणापासून वर आल्या. जावडेकर आमच्या राज्यातून निवडून गेले तेव्हा मराठी म्हणून मला बरं वाटलं, पण मध्य प्रदेशची मतदार म्हणून त्यांचा माझ्याशी काहीच संबंध आला नाही. दोन्ही भावना खऱ्या आहेत. म्हणून सर, तुमची अट जन्माची किंवा भाषेची असेल तर मी विरोधात. वास्तव्याची असेल तर तुमच्या बाजूने.

पांझरा:
मी एका पक्षाचा तालुक्यातला कार्यकर्ता होतो, पक्षाचं नाव सांगत नाही. सव्वीस वर्षं सतरंज्या उचलल्या. कायदा-बियदा राहू द्या, आतून कसं दिसतं ते सांगतो. राज्यसभेचं नाव दिल्लीतून येतं. आमदाराला आदल्या रात्री कळतं, आम्हाला टीव्हीवरून. उमेदवार विमानाने येतो, विधानभवनात अर्ज भरतो, संध्याकाळच्या विमानाने परत. बहुतेक वेळा बिनविरोध, म्हणजे आमदारालाही बोट उचलावं लागत नाही.

२०२२ला महाराष्ट्रात दोन दशकांहून जास्त काळानंतर मतदान झालं. २८८ आमदार, ६ जागा, निवडून यायला साधारण ४२ मतांचा कोटा. सहाव्या जागेसाठी लढले कोण? कोल्हापूरचे संजय पवार आणि कोल्हापूरचेच धनंजय महाडिक. मातीतल्या दोन माणसांची कुस्ती लागली आणि प्रतापगढहून आलेला उमेदवार पहिल्या फेरीत आरामात निवडून आला. त्या रात्री आम्ही कार्यकर्ते पहाटेपर्यंत टीव्हीपुढे बसलो होतो. ते दुःख पक्ष हरल्या-जिंकल्याचं नव्हतं.

वैनगंगा:
पांझराभाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते रहिवासाच्या अटीने बरं होणार नाही. उद्या अट आणलीत तर दिल्ली नाव पाठवण्याआधी सहा महिने मुंबईत एक फ्लॅट भाड्याने घेईल.

खरा बदल २००३च्या त्याच दुरुस्तीत आहे, त्याकडे कुणी बघत नाही. त्याच दुरुस्तीने राज्यसभेचं मतदान खुलं केलं. आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकायची. घोडेबाजार थांबवणं हा उद्देश होता आणि न्यायालयाने तो मान्य केला. पण परिणाम असा झाला, की आमदाराला नापसंत उमेदवार गुपचूप पाडण्याचा मार्गच उरला नाही. पूर्वी हायकमांडला निदान धाकधूक असायची.

मांडवी:
धाकधूक अजून आहे. फेब्रुवारी २०२४चं हिमाचल आठवा. काँग्रेसकडे स्पष्ट बहुमत होतं, उमेदवार दिला अभिषेक मनू सिंघवी, म्हणजे बाहेरचे. सहा काँग्रेस आमदारांनी उघडपणे विरोधात मत दिलं. ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि चिठ्ठी काढून हर्ष महाजन निवडून आले. सगळं खुल्या मतदानात. सिंघवी त्याच वर्षी तेलंगणातून राज्यसभेवर गेलेच.

बालाघाट:
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, ताई! एका राज्याने नाकारलं तर दुसऱ्या राज्याची जागा तयार असते. राज्यं म्हणजे काय वेटिंग रूम आहेत?

नाना:
वय ७८, म्हणून थोडं जुनं सांगू द्या. 'लोकांनी पाडलेले मागच्या दाराने' असा शब्दप्रयोग अजून इथे आला नाही, पण येणार. त्याआधीच सांगतो. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. ज्यांनी घटना लिहिली त्यांना मतदारांनी लोकसभेत पाठवलं नाही. त्याच वर्षी मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना राज्यसभेत पाठवलं. १९५४ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. राज्यसभेतून मात्र शेवटपर्यंत बोलत राहिले. हे दार नसतं तर संसदेचा तो काळ किती गरीब झाला असता! म्हणून वरच्या सभागृहाचा रस्ता अरुंद करताना जपून.

पांझरा:
नाना, मनापासून नमस्कार. पण बाबासाहेब त्या राज्याचे होते, त्या मुंबईत राहिलेले, तिथल्या चाळीत वाढलेले. तुमचं उदाहरण सरांच्या अटीत बसतं.

आणि आजचं दार कसं वापरतात तेही बघा. प्रफुल्ल पटेल २०२२ला सहा वर्षांसाठी निवडून आले, म्हणजे २०२८ पर्यंत. फेब्रुवारी २०२४मध्ये चार वर्षं शिल्लक असताना नव्या सहा वर्षांसाठी पुन्हा उभे राहिले, बिनविरोध आले आणि जुनी जागा सोडली. त्या जागेवर जूनमध्ये सुनेत्रा पवार बिनविरोध गेल्या, बारामतीत लोकसभा हरल्यानंतर त्याच महिन्यात. यात कायद्याचा भंग कुठेच नाही. पण सहा वर्षांची मुदत घटनाकारांनी ठेवली ती सदस्याला स्थैर्य मिळावं, रोजच्या राजकारणापासून थोडं अंतर मिळावं म्हणून. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात, सभागृह कधी विसर्जित होत नाही, ते त्याचसाठी. आता ती मुदत पक्षाच्या हिशेबाच्या वहीत गेली.

अनया:
बरोबर. आणि गंमत अशी, की हे सगळे सदस्य महाराष्ट्राचेच. म्हणजे वास्तव्याची अट असूनही हे झालंच असतं.

सीना:
बालाघाट सर, तुमच्याच जिल्ह्यातला आहे, परांडा तालुक्यातला. आपल्याकडचं डोंजा गाव सचिन तेंडुलकर यांनी दत्तक घेतलं होतं. ते राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ जणांपैकी, २०१२ ते २०१८. नियुक्त सदस्याला खासदार निधी देशात कुठेही वापरता येतो, कुठल्याच राज्याशी बांधिलकी नाही. तरी त्यांना डोंजा दिसलं. सभागृहातली त्यांची हजेरी फार कमी होती, त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण तुम्ही विचारता तसं पोटात तुटणं मतदारयादीवर अवलंबून नसतं, एवढंच म्हणायचंय.

बालाघाट:
सीना, डोंजाला मी जाऊन आलोय, तुमचं म्हणणं नाकारत नाही. पण नेमलेल्या सदस्यांना मी या वादात धरतच नाही. कला, साहित्य, विज्ञान, समाजसेवा यांसाठी ते सगळ्या देशाचे म्हणून जातात. उरलेले राज्यांचे. निवडून आलेल्या सदस्याचा वर्षाचा पाच कोटींचा निधी राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात जाऊ शकतो. लोकसभेचा खासदार मतदारसंघापुरता बांधलेला, हा ३६ जिल्ह्यांना मोकळा. ज्याला परांडा आणि पाटोदा यांतला फरक माहीत नाही, त्याला या मोकळीकीचा उपयोग काय?

अनयाताईंचं म्हणणं मात्र मला पुरतं पटलं. जन्म नको, भाषा नको. माझी मागणी मी बदलतो. निवडणुकीआधी सलग पाच वर्षं त्या राज्याच्या मतदारयादीत नाव हवं. सहा महिन्यांच्या फ्लॅटने हे जमणार नाही. वैनगंगा, हे कायद्यात बसेल का?

वैनगंगा:
बसेल. रहिवास हा घटनेचा भाग नाही असं न्यायालय म्हणालं, म्हणजे तो कायद्याचा विषय आहे. संसदेने काढला, संसद साध्या बहुमताने परत घालू शकते. घटनादुरुस्ती लागणार नाही. अडचण वेगळीच आहे. त्या दुरुस्तीवर मत देणाऱ्या सभागृहांपैकी एक राज्यसभाच असेल, आणि तिथे दुसऱ्या राज्यातून आलेले सदस्य सगळ्याच मोठ्या पक्षांत आहेत. आणि मी अजून तुमच्या विरोधातच आहे, सर. पाच वर्षांची अट असती तर आसामचं ते भाड्याचं घर कदाचित चाललं असतं, पर्रीकर मात्र अडले असते. मला हे उलटं वाटतं.

मांडवी:
अडले असते तर अडू द्या, असं आता मला वाटायला लागलंय. सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक लढवून लोकसभेत जायची वाट होतीच. आमच्याकडची दुसरी आठवण सांगते. गोव्याचे माजी मुख्यमंत्री लुईझिन फालेरो २०२१ला पश्चिम बंगालमधून राज्यसभेवर गेले, तृणमूलकडून. गोव्याच्या निवडणुकीत त्या पक्षाला यश आलं नाही आणि २०२३च्या एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या दीड वर्षात बंगालची ती जागा बंगालची होती की गोव्याची? मला तरी दोघांपैकी कुणाचीच वाटली नाही.