गाडी येईपर्यंत तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

मागच्या हिवाळ्यात रात्री पावणेदोनला बाबा उठून बसले आणि म्हणाले, "छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतंय." मी १०८ लावला. फोन लगेच उचलला गेला, हे आवर्जून सांगते. पण गाडी दारात यायला ३७ मिनिटं लागली, तीही पुण्यातल्या भर वस्तीत. त्यातली शेवटची ९ मिनिटं आमच्याच सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत गेली. कमानीखालून उंच गाडी आत येईना, दोन्ही बाजूंना चारचाक्या लावलेल्या, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना. शेवटी बाबांना हाताच्या प्लास्टिक खुर्चीत बसवून वॉचमनकाका आणि तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा यांनी खाली नेलं. खुर्चीचा मागचा पाय प्रत्येक पायरीवर घासत होता. तो आवाज अजून कानात आहे.

बाबा आता बरे आहेत. पण फोनवरच्या डॉक्टरांनी जी गोळी द्यायला सांगितली, ती घरातच होती आणि मला १० मिनिटं सापडली नाही, ही सल जात नाही.

गाड्या उशिरा का येतात यावर बोललंच पाहिजे. पण तोवरचा वेळ घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात असतो, आणि तो कसा काढायचा हे कुणी शिकवत नाही. म्हणून तुमचे अनुभव हवेत. दवाखान्यांची, माणसांची नावं नकोत. काय झालं, तोवर काय केलंत, एवढं लिहा.

मोखाडा, पालघर

मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. पुढे ३ किलोमीटर पायवाट आणि मध्ये एक ओहोळ. पेशंटला डोलीतून आणावं लागतं. डोली म्हणजे बांबू आणि जाड चादर, दोन्ही टोकांना दोरीने आवळलेली. बांबू जुना वाळका घेत नाहीत, वजन आलं की मध्येच कडकतो. खांदे द्यायला चार माणसं पुरत नाहीत, आठ लागतात, कारण चिखलात दर पाच मिनिटांनी खांदा बदलावा लागतो. आत बाई कुशीवर असते, एका हाताने बांबू धरून.

२ वर्षांपूर्वी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एकीला असं नेत होतो. ओहोळाला कंबरेच्या वर पाणी. काठावर बसून राहिलो, मी तिच्यावर इरलं धरलं होतं. बाळ तिथेच झालं. मी नाळ कापली नाही. बाळाला कोरडं पुसून आईच्या छातीवर ठेवलं आणि दोघांना एकाच चादरीत गुंडाळलं. पाणी उतरल्यावर निघालो. दोघं सुखरूप पोचली.

यासाठीच शासनाची माहेरघर योजना आहे. आरोग्य केंद्राला लागून खोली असते, तारखेआधी काही दिवस तिथे येऊन राहायचं. योजना चांगली आहे, मी तिच्यासाठी घरोघरी भांडते. पण आवणी चालू असताना घरची दोन पोरं आणि शेळ्या कोणावर सोडू, असं बाई विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. आता मी आठव्या महिन्यातच सासूला गाठते. सासू हो म्हणाली की बाई येते.

राजापूर तालुका

भाऊ बागेत पाचोळा ओढत होता, फुरसं चावलं. गाडीला ५० मिनिटं लागतील म्हणाले. शेजारच्या दादाने मोटरसायकल काढली, भावाला मध्ये बसवलं, मागून मी धरला. कुणीतरी ब्लेड घेऊन आला होता, आईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. आवळून काही बांधूही दिलं नाही. निघताना आरोग्य केंद्रात फोन करून सर्पदंशाचं औषध आहे ना हे विचारलं, ते फार बरं झालं. तिथे डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं आणि नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. मग औषध सुरू केलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर तेच औषध चालतं, त्यामुळे साप शोधून मारत बसू नका.

१०८ चा पायलट, मराठवाडा

पायलट म्हणजे चालक, आम्हाला तसंच म्हणतात. वरचं सगळं वाचलं. आमची बाजूही सांगतो.

२०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या होत्या. यावरून एका तालुक्याच्या वाट्याला किती येतात ते बघा. आमची गाडी जिल्ह्याला पेशंट सोडायला गेली की तिकडे खाट मिळेपर्यंत स्ट्रेचर अडकतं. स्ट्रेचर सोडून परत येता येत नाही. तेवढ्यात गावाकडून दुसरा कॉल आलेला असतो.

तुमचा फोन पुण्यात उचलला जातो. 'मारुतीच्या देवळामागं' म्हटलं तर पुण्यात बसलेल्या माणसाला कोणता मारुती कळावा? आधी जिल्हा, तालुका, गाव सांगा, मग मारुती. नंतर आम्ही अनोळखी नंबरवरून फोन करतो, तो कृपा करून उचला. आणि एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. अंधारात फाट्यावर उजेड हलताना दिसला की आमचा जीव भांड्यात पडतो.

एका वस्तीवर आम्ही पोचेपर्यंत त्यांचा मुलगा गेला होता. लोकांनी काच फोडली. मी त्यांना बोल लावत नाही, मलाही लेकरं आहेत. पण ती गाडी दोन दिवस उभी राहिली, आणि त्या दोन दिवसांतही लोकांनी फोन केलेच असतील.

इंग्लंडहून

पायलटदादा, स्ट्रेचरचं वाचून अंगावर काटा आला. डिसेंबर २०२२ मध्ये सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. स्वयंपाकघरात पडल्या, खुबा मोडला. ७ तास फरशीवर होत्या. इथे हृदयविकार, पक्षाघाताच्या कॉलला सरासरी १८ मिनिटांत पोचायचं असं ठरलेलं आहे. त्या महिन्यात ती सरासरी दीड तासाच्या वर गेली होती, आणि खुब्याचा नंबर त्याच्याही मागे. कारण तुम्ही म्हणता तेच: रुग्णालयाच्या दारात रुग्ण उतरवून घ्यायला जागा नाही, म्हणून गाड्यांच्या रांगा. आम्ही त्यांना हलवलं नाही, होत्या तशा रजया घातल्या. शेजारीण गरम पाण्याच्या पिशव्या देत राहिली. सासूबाई चहा मागत होत्या, पण ऑपरेशन लागेल म्हणून फोनवर नको म्हणाले होते. चहा नाही म्हणताना फार जड गेलं.

पारनेर तालुका

आमचा अनुभव आगीचा. बंब येणार २६ किलोमीटरवरून. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी पेटलेली. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: एका टोल फ्री नंबरवर बोललं की नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर तोच आवाज ऐकू जातो. बिबट्याच्या भीतीने नावं नोंदवली होती, कामी आली आगीला. दहा मिनिटांत पाण्याचे दोन टँकर आणि फवारणीचे तीन ब्लोअर लागले. त्याआधी वायरमनला फोन करून डीपी बंद करवली, नाहीतर पाणी मारणाराच चिकटला असता. चुलत्यांनी विळ्याने दावी कापली. गाठी सोडत बसले असते तर दोन्ही म्हशी गेल्या असत्या. एक कालवड गेली. बंब आला तेव्हा ज्वाळा विझल्या होत्या, पण गंजी आतून धुमसते म्हणून ती माणसं उजाडेपर्यंत पाणी मारत थांबली.

बंगळूरु (आई नाशिकला एकटी असते)

काल हे वाचलं आणि आईला फोन केला. पत्ता, खुणेची जागा, चालू गोळ्या, किल्ली कुणाकडे, हे मोठ्या अक्षरात लिहून तिने दाराला आतून चिकटवलं. गोळ्यांचा डबा फ्रिजवर ठेवला. जिन्यातला दिवा दोन महिने बंद होता, खालच्या काकांनी आज बदलला. मग आईनेच विचारलं, "आणि खुर्ची?" हाताची खुर्ची घरात एकच आहे, बाबांची. आजपासून ती दाराजवळ असते.