अँबॅसडरच्या क्रँक पुलीचा बोल्ट परत परत ढिला व्हायलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडलांची 84 सालची अँबॅसडर आहे, मार्क 4, पेट्रोल, तीच जुनी 1489 सीसी. गाडी खानापूरला असते, महिन्यातनं दोनतीनदा बेळगावला जाऊन येते एवढंच. दिवाळीनंतर पुढनं टक टक आवाज यायला लागला, रेस दिली की कमी, आयडलला परत सुरू. मिस्त्रीनं ऐकल्या ऐकल्या सांगितलं बेरिंग गेलं, इंजिन उतरवा. पोटात गोळाच आला. मग मीच बेल्ट काढून क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरची बेल्टची चाकी) धरून बघितली तर चक्क हलायलीय, आणि मधला तो हँडल मारायच्या खाचांचा बोल्ट बोटांनी फिरला की ओ!

मिस्त्रीनं रेडिएटर काढून, स्प्रिंग वॉशर टाकून आवळून दिला. दीड महिना बरं चाललं, परवा निपाणीहून एका लग्नाला जाऊन येताना तवंदी घाटात परत तोच आवाज आणि वर बेल्ट पण किंचाळायलाय. आता तो म्हणतोय पुलीवर वेल्डिंगचा एक टाका मारू, कटकटच नको. मला काय ते पटेना.

आवळायला गेलं की इंजिनच फिरतंय, ते धरायचं कसं? किती टाईट करायचा? नुसतं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून भागेल का? आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात क्रँकशाफ्ट बनतात आणि माझा एक बोल्ट कुणाला आवळता येईना, हसावं का रडावं.

प्रतिसाद:
वेल्डिंग अजिबात नको ओ. उद्या टायमिंग कव्हरचं ऑइल सील बदलायचं झालं तर पुली काढणार कशी? गाडी टॉप गियरला टाका, हँडब्रेक ओढा, आणि एकाला ब्रेकवर पाय दाबून बसवा, इंजिन फिरत नाही. हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज इंजिन, त्याच घराण्यातलं इंजिन असलेल्या एमजीबी या ब्रिटिश गाडीच्या मॅन्युअलात या बोल्टला 70 फूट-पौंड दिलंय, म्हणजे साधारण 95 न्यूटन मीटर. टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) कुणाचा तरी मागून आणा, अंदाजानं नको. आणि स्प्रिंग वॉशर हे त्या जागेचं कामच नाही, तिथं कान दुमडायचा लॉक वॉशर असतो, तो नवीनच घाला. आटे पेट्रोलनं धुवून कोरडे करून मगच निळं लॉकटाइट, तेलकट आट्यांवर लावून उपयोग शून्य. पण आधी पुली काढून आतली चावी बघा, म्हणजे पुली आणि क्रँकच्या खाचांत बसणारा लोखंडी तुकडा. ढिल्या पुलीनं गाडी पळवली असेल तर ती मार खाल्लेली असणार, आणि मग कितीही आवळा, परत सुटणार.

धागाकर्ता:
आज काढली. तुम्ही म्हणाला तसंच, चावी एका बाजूनं खाल्लीय आणि पुलीची खाच पण रुंद झालीय, नवीन चावी घातली तरी हलायलीय. नशीब, क्रँकची खाच चांगली आहे. म्हणजे ती टक टक या चावीचीच, आणि मी इंजिन उतरवायला निघालो होतो. उद्यमबागेतल्या लेथवाल्याला दाखवतो, पण तो जुनी खाच भरून नवीन पाडण्यापेक्षा जुनी चांगली पुलीच बघा म्हणायलाय. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडं कुणाकडं भंगारात पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जातो.