मदत हवी आहे : तुरुंगातून सुटलेल्यांशी अमली पदार्थांच्या शिक्षेतल्या अन्यायाचा विषय कसा काढू?

अमेरिकेत तुरुंगातून सुटून आलेल्यांच्या एका गटात मी स्वयंसेवक आहे. बहुतेक जण कृष्णवर्णीय. १९८६ च्या कायद्यानं ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच ओढायचा, खड्यांसारखा प्रकार; यात शिक्षा झालेले बहुतेक कृष्णवर्णीयच) ५०० ग्रॅम पावडर कोकेनइतकीच, म्हणजे किमान ५ वर्षं कैद ठेवली. २०१० मध्ये हे १००:१ चं प्रमाण १८:१ वर आलं, बरोबरी तेव्हाही झाली नाही. फार अन्याय झालाय हा.

पण कुणाच्या किल्ल्या खुळखुळल्या तरी एक साठीचे गृहस्थ दचकून उभे राहतात, मग तासभर गप्प. त्यांच्यासमोर कायदा-सुधारणेची चर्चा कशी सुरू करू? गुन्ह्याची झळ बसलेल्या कुटुंबांनाही त्याच बैठकीला बोलवावं का? मला वाटतं, आधी वेगवेगळं बसावं. समुपदेशन किंवा पुनर्वसनात काम केलेल्यांनी प्लीज सांगा, बैठक रविवारीच आहे.