इजिप्तची मंदिरं: फोटो कोरीवकामाचा काढायचा की रंगाचा?

सपाट_उजेड (धागाकर्ता)

"सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरपं ऊन पकडा." हा सल्ला इतक्यांदा दिला गेलाय की त्याचा नियमच झालाय. रंग पार उडालेल्या, उघड्यावरच्या भिंतींसाठी ठीक आहे. जिथे रंग टिकलाय तिथे मात्र तो चक्क चुकीचा आहे.

इस्ना गावातलं खनुम देवाचं मंदिर घ्या. २४ खांबांचा एकच मंडप उरलाय, तोही आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे ९ मीटर खाली. आतल्या भागावर शतकांची काजळी आणि पक्ष्यांची घाण साचली होती. २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन पथकाने ती काढली. खालून रंग तर निघालेच, शिवाय छतावर नक्षत्रांची अशी नावं निघाली जी नुसती शाईने लिहिली होती, कधी कोरलीच नव्हती. सावली पडायला खाचच नाही, तर तिरपा उजेड काय दाखवणार? उलट छिन्नीचे घाव वर येतात आणि शाई त्यांत बुडते.

दुसरी अडचण व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार कॅमेऱ्याचा पांढरा जुळवण्याची. उन्हातला भाग पिवळसर, सावलीतला भाग आकाशाच्या उजेडामुळे निळसर. एकाच आकृतीत दोन व्हाइट बॅलन्स, मग हिरवा खरा कोणता?

माझ्या मते रंगाच्या भिंतीला विखुरलेला उजेडच हवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद), एफ/८ छिद्र, पहिल्या फ्रेममध्ये रंग ताडायला २४ चौकोनांचं कलर कार्ड, उजेड बदलला की पुन्हा कार्ड. आणि सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंगाचा भडकपणा वाढवणाऱ्या, स्लायडरला हात लावू नका. इजिप्शियन निळा (त्यांचा कृत्रिम निळा रंग) त्या स्लायडरने लगेच प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसायला लागतो.

तिरपं_ऊन

साफ असहमत. ही शिल्पं उजेडाचा हिशेब करून कोरलेली आहेत. बाहेरच्या भिंतींवर खोलगट रिलीफ, म्हणजे आकृती दगडाच्या पातळीखालीच ठेवलेली. कडक उन्हात तिच्या कडेला काळी रेषा आपोआप पडते. आतल्या अंधाऱ्या भागात उठावाचं रिलीफ, म्हणजे आकृती पातळीच्या वर आलेली. रंग या कोरीवकामावर चढवलाय, त्याच्याऐवजी नाही.

लक्सरच्या कर्नाक मंदिरातल्या १३४ खांबांच्या मंडपात उत्तरेकडचं काम राजा सेती पहिल्याचं, नाजूक उठावाचं. त्याचा मुलगा रामसेस दुसरा याने सुरुवातीला तीच पद्धत चालवली आणि मग खोलगट रिलीफवर गेला. हा बदल त्या मंडपातली सगळ्यात रंजक गोष्ट आहे. तुमच्या सपाट उजेडात दोन्ही सारखीच दिसतील. मग फोटो कशाचा काढला?

आणि "तिरपं" म्हणजे एकच कोन नव्हे. अबायडोसच्या सेती मंदिरातला उठाव अगदी कमी आहे, तिथे भिंतीशी १०-१५ अंशांचा उजेड लागतो. 'मेदिनेत हाबू' या रामसेस तिसऱ्याच्या मंदिरात त्याची चित्राक्षरं काही ठिकाणी तळहात आत जाईल इतकी खोल. तिथे १५ अंशांवर अख्खं अक्षर सावलीने भरतं, आतली नक्षी दिसत नाही. ४० अंशांच्या आसपास थांबा.

अक्षांश

वेळेबद्दल एक भर. "सकाळी जा" हे अर्धवट आहे, भिंतीचं तोंड कुठे ते आधी पाहा. कर्नाकचा मुख्य अक्ष वायव्य-आग्नेय आहे. त्यामुळे मंडपाची 'उत्तर' भिंत, जिच्या बाहेर सेतीच्या लढाया आहेत, ती खरं तर उत्तर-ईशान्येला तोंड करून आहे. जूनमध्ये सकाळी तिच्यावर छान तिरपं ऊन येतं, दुपारनंतर जातं. डिसेंबरात सूर्यच आग्नेयेला उगवून दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा या भिंतीला दिवसभर ऊन लागतच नाही. आणि बहुतेक लोक जातात हिवाळ्यात! मग तिथे सपाट_उजेड यांचीच पद्धत उरते, आवडो न आवडो.

ओळंबा

दोघांच्या भांडणात दोन गोष्टी राहिल्या.

एक: जमिनीवरून वर मारलेले दिवे. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. खालून उजेड आला की खोलगट आकृती फुगीर दिसते आणि उठाव खड्ड्यासारखा. रात्री लक्सर मंदिरात काढलेले कितीतरी फोटो असेच उलटे वाचले जातात. उपाय: फ्रेममध्ये दिवा किंवा भिंतीची तुटकी कड येऊ द्या, म्हणजे पाहणाऱ्याला उजेडाची दिशा कळते. नुसता क्लोजअप कापून टाकू नका.

दोन: सॉफ्टवेअरमधलं 'ऑटो' सरळीकरण. पायलनच्या, म्हणजे प्रवेशाच्या दोन बुरुजांच्या, भिंती मुळातच आत कललेल्या असतात. एडफूचा सुमारे ३६ मीटर उंच पायलन ऑटोने सरळ केला की कलच गायब, मंदिराची कचेरी होते. ध्वजकाठ्यांसाठी समोर ज्या उभ्या खाचा आहेत, त्या सरळ धरून हाताने दुरुस्त करा.

सपाट_उजेड

@तिरपं_ऊन, कर्नाकचं उदाहरण तुमच्या बाजूचं आहे, कारण तिथला रंग बहुतांश गेलाय. मी रंग टिकलेल्या जागांबद्दल बोलतोय. मेदिनेत हाबूच्या दुसऱ्या चौकात रंग कुठे राहिलाय? तुळयांच्या खालच्या बाजूला, ओसरीच्या छताला. म्हणजे जिथे थेट ऊन पोचत नाही तिथेच. तिरप्या उन्हाची वाट पाहत बसलात तर संध्याकाळी फाटक बंद होईल.

खर्डा

मुळात फोटोने ही भिंत पुरती नोंदवता येते हेच मला मान्य नाही. लक्सरचं 'शिकागो हाउस', म्हणजे शिकागो विद्यापीठाचं भिंती नोंदवणारं पथक, १९२४ पासून हेच काम करतंय. त्यांची रूढ पद्धत: मोठ्या निगेटिव्हवरून प्रिंट काढायची, भिंतीसमोर उभं राहून प्रिंटवरच रेषा मारायच्या, त्यावर शाई चढवायची, मग रसायनाने फोटो धुऊन टाकायचा आणि उरलेलं रेखाटन अभ्यासकांनी पुन्हा भिंतीशी ताडून पाहायचं. तडा कोणता, छिन्नीची रेषा कोणती, हे लेन्सला कळत नाही, माणसाला कळतं. रेखाटनात उजेड डावीकडून वरून धरलेला असतो: उठावाला उजवी-खालची रेषा जाड, खोलगटला डावी-वरची. तुमचा कोनाचा वाद त्यांनी रेषेच्या जाडीत मिटवलाय.

तिरपं_ऊन

आणि त्या रेखाटनात रंग कुठे गेला? शिवाय धुऊन टाकायला का होईना, सुरुवात फोटोपासूनच आहे ना.

जाळीकाम

फोटोग्रामेट्री करा, म्हणजे अनेक फोटो जोडून भिंतीचं त्रिमितीय मॉडेल बनवा; आकार आणि रंग वेगळे होतात. फोटो सपाट उजेडात काढायचे, मॉडेल बनलं की संगणकात हव्या त्या कोनातून उजेड टाकायचा. शेजारच्या फ्रेम ७० टक्के एकमेकींवर याव्यात, फोकस आणि झूम पक्का, उजेड मध्येच बदलू द्यायचा नाही. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स, भिंतीपासून अडीच मीटर: एका पिक्सेलमध्ये ०.३ मिमी दगड येतो. ६ बाय ४ मीटरच्या भिंतीला साधारण दीडशे फोटो पुरतात.

तिरपं_ऊन

०.३ मिमीवर अबायडोसच्या टोपांमधल्या केसांच्या रेषा गुळगुळीत होतात. ०.१ मिमी हवा असेल तर ८० सेंटिमीटरवर यावं लागेल. तिथे फ्रेम जेमतेम ५८ बाय ३८ सेंटिमीटर. तुमच्याच ७० टक्क्यांच्या हिशेबाने त्याच भिंतीला बाराशेच्या वर फोटो. तिपाईला वेगळी परवानगी, मागे पर्यटकांची रांग. कागदावर छान आहे.

नवखा_क्लिक

फ्लॅशबद्दल कोणीच बोललं नाही. रंग खनिज आहेत, मग फ्लॅशला बंदी कशाला?

ओळंबा

सगळे सारखे टिकाऊ नाहीत. गेरू आणि इजिप्शियन निळा दणकट आहेत, पण पिवळ्यासाठी कधी हरताळ हे आर्सेनिकचं खनिजही वापरलंय आणि हरताळ उजेडाने फिका होतो. अजिंठ्याला फ्लॅश बंद असतो तेव्हा आपण मुकाट ऐकतो, इथेही ऐका. आणि बंदी नसती तरी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून सरळ जातो आणि सगळा उठाव मारून टाकतो.

सपाट_उजेड

डेंडेराच्या हाथोर देवीच्या मंदिरातलं, पुढच्या मंडपाचं छत तिपाईशिवाय कसं काढायचं अशी मला विचारणा झाली होती, म्हणून सांगतो. तिपाईची गरज नाही. कॅमेरा पाठीवर, म्हणजे स्क्रीन खाली करून, पिशवीवर ठेवायचा, २ सेकंदांचा टायमर, आयएसओ ४००. शटर १/४ सेकंद गेला तरी हलत नाही. चारही बाजूंची हाथोरची शीर्षं फ्रेममध्ये सारखी यायला हवीत, तेवढं पिशवी सरकवून जमतं. दारातून येणारा दिवसाचा उजेड आणि आतले दिवे मिसळतात, म्हणून कार्डाचा फोटो दाराजवळ एक आणि आत एक.

तिरपं_ऊन

या छताबद्दल वाद नाही, तिथे ऊन पोचतच नाही. त्याच मंदिराची मागची बाहेरची भिंत, राणी क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सिझेरियन यांची, तुम्ही याच पद्धतीने काढलीत तर मात्र मी इथे परत येणार.