मदत हवी आहे : करारातल्या रानाची पाहणी कशी ठेवता?

नमस्कार मंडळी. मुळशीत आमचं वडिलोपार्जित सहा एकर रान आहे. एका संस्थेशी दहा वर्षांचा करार केलाय: झाड तोडायचं नाही, वणवा लागू द्यायचा नाही. दरवर्षी पाहणी करून अहवाल द्यायचा, आणि ते काम अर्थातच पुण्यात राहणाऱ्या माझ्या गळ्यात!

परवा गेलो तर बांधालगत ऐनाचे दोन ताजे बुंधे. कुऱ्हाडीचे घाव अजून ओले होते. आता ते आमच्या हद्दीत की शेजाऱ्यांच्या? हद्दीचे दगड कारवीच्या झुडपांत गडप झालेत आणि मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं. काका म्हणतात, "सातबारा आहे ना!" अहो, सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नाही.

सेंटिनेल-२ची फुकट उपग्रहचित्रं पाहिली. एक ठिपका १० मीटरचा, त्यात दोन झाडं काय दिसणार? पावसाळ्यात तर नुसते ढगच.

सरकारी मोजणी करून घ्यावीच का? दरवर्षी त्याच जागेवरून फोटो काढायला खुणा कशाच्या करता? लोखंडी गज रोवले तर भंगारात जातील. मुख्य म्हणजे, शेजाऱ्यांशी वाकडं न येता बुंध्यांचा विषय कसा काढू? अहवाल पुढच्या महिन्यात द्यायचाय.