मदत हवी आहे : पणजोबांचं मूळ घर कोणतं?

अमळनेरजवळच्या आमच्या जुन्या धाब्याच्या घराची आवराआवर करताना आजीच्या पत्र्याच्या पेटीत फडक्यात बांधलेली अकरा पत्रं सापडली. बरीचशी मोडीत आहेत. एक मात्र बाळबोध लिपीत आहे, शके १८३२ म्हणजे १९१०चं. त्यात एक ओळ आहे: "पोर तुमच्या ओटीत घातले, आता ते तुमचेच. रात्री आईला हाक मारते का, तेवढे कळवावे." कागद घडीवर फाटलाय, खाली सही नाही, फक्त 'मु. शिरपूर' वाचता येतं.

ते पोर म्हणजे माझे पणजोबा. ते दत्तक होते हे घरात कुणी कधीच बोललं नाही. वडील ७८ वर्षांचे आहेत, पत्र हातात घेऊन बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या हयातीत हे कळावं एवढीच इच्छा आहे. जमीनजुमल्याशी काही देणंघेणं नाही.

खानदेशाचे १९०६ साली दोन जिल्हे झाले. तेव्हा शिरपूर पश्चिमेत (धुळ्याकडे) आणि अमळनेर पूर्वेत (जळगावकडे) गेलं. मग दत्तकपत्र नोंदवलं असेल तर ते धुळ्याला शोधायचं की जळगावला? की त्या काळी नुसत्या दत्तहोमावरच (दत्तक घेतानाच्या धार्मिक विधीवरच) भागायचं? नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्यांत दत्तक घराण्याखालीच नाव असतं, की मूळ कुळाचीही नोंद सापडते? कुणाला असा अनुभव आहे का?

आणि धुळे-जळगाव भागात मोडी वाचून देणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया सांगा. पत्रं नाजूक झाली आहेत, मी स्वतः घेऊन येईन.